साडेतीन मीटरचं देशांतर

माणसाचा आत्मा जुना देह टाकून नवा धारण करतो, त्यासाठी त्याला कुठल्याही खिडकीपाशी रांग लावावी लागत नाही. मोटारगाडीचं तसं नाही. युरोपात गाडी एका देशातून दुसऱ्या देशात राहायला गेली, की तिला पहिल्या देशात रीतसर मरावं लागतं आणि दुसऱ्या देशात रीतसर जन्माला यावं लागतं. या दोहोंच्या मधला काळ गाडी जिथे उभी आहे तिथेच काढते. त्या काळात ती ना धड वाहन असते, ना धड भंगार. शास्त्रांनी सांगितलेल्या योनींत ही अवस्था नाही, पण शास्त्रकारांना युरोपातलं वाहन खातं ठाऊक नव्हतं, हेही लक्षात घ्यायला हवं.

नार्ड क्रेव्हेलला ही व्यवस्था मनापासून पटत असे. मेर्सेलडोंक गावात त्याने चाळीस वर्षं लोकांच्या घरांवर कौलं चढवली, रविवारी चर्चमध्ये खर्जात गायलं आणि आयुष्यात एकही रकाना रिकामा सोडला नाही. सरकारने विचारलेला प्रश्न मूर्खपणाचा वाटला, तर तो आपल्याला समजला नसेल, असं तो मानी. अशी माणसं प्रत्येक राज्याचा कणा असतात. (कणा पाठीमागे असतो आणि कुणाला दिसत नाही.)

मेर्सेलडोंकमधून बेल्जियम आणि नेदरलँड्सची सरहद्द जाते. सरळ गेली असती तर प्रश्न नव्हता. पण ती कुणाच्या परसातून शिरते, कुणाच्या न्हाणीघरातून बाहेर पडते, आणि नार्डच्या घरात तर चूल बेल्जियममध्ये व भांडी घासायची जागा नेदरलँड्समध्ये. अशा घरांसाठी गावात एक फार शहाणा नियम आहे: पुढचा दरवाजा ज्या देशात, घर त्या देशात. माणूस कुठे झोपतो, कुठे जेवतो, कुठल्या कोपऱ्यात गुडघे टेकून प्रार्थना करतो, याच्याशी शासनाला कर्तव्य नाही. बेल वाजवल्यावर तो दार कुठे उघडतो, एवढंच शासनाला लागतं.

नार्डचा दरवाजा बेल्जियममध्ये होता आणि त्याला तीन पायऱ्या होत्या. बायकोचा, म्हणजे डिम्फनाचा, उजवा गुडघा वसंतात दुमडायचा बंद झाला. डॉक्टर म्हणाले, पायऱ्या विसरा. तेव्हा नार्डने सुतार टोनला बोलावलं, आणि टोनने दरवाजा साडेतीन मीटर डावीकडे, जमीन सपाट होती तिथे, सरकवला. या कामाला तीन दिवस आणि सॉसेज भरलेले अकरा पाव लागले. वीस जुलैला दुपारी चार वाजून वीस मिनिटांनी टोनने शेवटचा स्क्रू पिळला.

"झालं," टोन म्हणाला. "दोघंही परदेशी."

"कॉफीत साखर किती?" आतून डिम्फनाने विचारलं. देशांतर झाल्याचं तिला काही जाणवलं नव्हतं.

आता ज्याचं घर नेदरलँड्समध्ये, त्याने बेल्जियमच्या नंबरपाटीची गाडी फिरवायची नाही, हा कायदा. गावात साधारणपणे हा कायदा लोकांच्या कानावर सहा-सात महिन्यांनी पडतो, तोही पोलिसाने हटकलं तर. नार्डने त्याच संध्याकाळी पाना घेतला, पाटी उतरवली, पुसून लख्ख केली आणि दुसऱ्या दिवशी सुट्टी होती म्हणून तिसऱ्या दिवशी पोस्टाने बेल्जियमला परत पाठवली.

इथे थोडं तत्त्वज्ञान सांगणं भाग आहे. बेल्जियमचं मत असं, की पाटी माणसाची; गाडी बदलली तरी पाटी माणसाबरोबर जाते. नेदरलँड्सचं मत असं, की पाटी गाडीची. माणूस बदलला तरी पाटी गाडीबरोबर राहते, थेट भंगारापर्यंत. दोन्ही मतांना थोर परंपरा आहे आणि दोन्ही मतांचे लोक एकमेकांशी अत्यंत सभ्यपणे वागतात. फक्त एका मतातून दुसऱ्या मतात जाणाऱ्या गाडीला मध्ये पाटी नसते.

"पाटी काढलीस?" टोनने विचारलं. "आज? अरे, नवी येईपर्यंत तरी ठेवायचीस. आमच्या यापने चार वर्षं ठेवली होती."

"याप तुरुंगात नाही का गेला?"

"तो वेगळ्या कारणासाठी गेला."

नेदरलँड्सच्या खात्याकडे नार्डने अर्ज केला. स्थलांतर करणाऱ्याची जुनी गाडी सामानाबरोबर येत असेल तर तिच्यावर कर नाही, फक्त हलवलेल्या सामानाची यादी जोडायची. नार्डने यादी जोडली. पलंग, हलवलेलं अंतर शून्य. कपाट, शून्य. मारियामातेची मूर्ती, शून्य. दरवाजा, बिजागऱ्यांसह, साडेतीन मीटर.

आठ दिवसांनी खात्यातून येल्ले नावाच्या अधिकाऱ्याचा फोन आला. आवाजावरून तरुण वाटत होता आणि थकलेला.

"क्रेव्हेलसाहेब, गाडी देशात कुठल्या तारखेला आणली, तो रकाना तुम्ही भरलेला नाही."

नार्डच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. त्याच्या हातून असं आजवर झालं नव्हतं. "आणली नाही ना," तो म्हणाला. "ती तिच्या जागीच आहे. गॅरेजमधूनही सरहद्द जाते. पुढची चाकं तुमच्याकडे आहेत, मागची अजून तिकडे."

फोनवर बराच वेळ कागद चाळल्याचा आवाज आला. "गाडी संपूर्ण आत असावी लागते," येल्ले म्हणाला. "अर्ध्या गाडीला नमुना नाही."

पाटी नसलेली गाडी चालवायची नाही, म्हणून ती ढकलायची ठरली. टोन, टोनचा मेव्हणा आणि चर्चचे फादर असे तिघे जण लागले. डिम्फना नव्या दरवाजात खुर्ची टाकून सूचना देत होती. एक मीटर ऐंशी सेंटिमीटर अंतर कापून गाडी नेदरलँड्समध्ये दाखल झाली. फादरांनी हात झटकून तिला सवयीने आशीर्वाद दिला. प्रवेशाच्या प्रकारासाठी अर्जात तीन पर्याय होते: स्वतः चालून, दुसऱ्या वाहनावर, जहाजाने. नार्डने तिन्ही खोडले आणि सुवाच्य अक्षरात लिहिलं, "ढकलत."

पुन्हा फोन आला. "साहेब, ढकलत असं संगणक घेत नाही. जहाजाने लिहू का? जहाजाला पुढचे रकाने कमी आहेत."

"अहो, जहाज कुठलं? आमच्या गावात तळंसुद्धा नाही."

"नाव विचारत नाहीत जहाजाचं."

"देव विचारेल," नार्ड म्हणाला.

येल्लेने सुस्कारा टाकला आणि वरिष्ठांना पत्र लिहिलं. अकरा दिवसांनी खात्याने 'मनुष्यबळाने' असा चौथा पर्याय निर्माण केला. प्रशासन संवेदनशील नसतं म्हणणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी. मात्र या संवेदनशीलतेपायी तपासणीची तारीख पुढे गेली आणि ती पडली पंधरा ऑगस्टला, सकाळी साडेअकरा वाजता.

पंधरा ऑगस्टला मारियामाता देहासह स्वर्गात गेली. (तिच्याकडे आधीच्या पत्त्याचा दाखला मागितल्याचा उल्लेख कुठे नाही.) त्या दिवशी वीस किलोमीटरवरच्या माळावरच्या देवळात मोठी प्रार्थना असते आणि तिच्या शेवटी मातेचं स्तवन एकटीने गायचं असतं. गेली एकेचाळीस वर्षं ते डिम्फना गात आली होती. पहिल्या वर्षी नार्ड खांबाआड उभा राहून ऐकत होता. त्याच संध्याकाळी त्याने तिला लग्नाचं विचारलं. त्यानंतर त्याने एकही वर्ष चुकवलं नव्हतं.

दुसऱ्या कुणाच्या गाडीतून जावं, तर गुडघा आडवा येई. तो फक्त नार्डच्या जुन्या निळ्या गाडीत सरळ राही, कारण तिची पुढची सीट बावीस वर्षांपूर्वी पार मागे जाऊन जी अडकली ती तिथेच होती. टोनच्या गाडीत फळ्या होत्या. फादरांची गाडी म्हणजे नुसती डबी.

"चर्चमधली आन्नेलीस गाईल या वर्षी," डिम्फना बटाटे सोलता सोलता म्हणाली. "तिला वरचा सूर लागत नाही. पण माता समजून घेईल. तिने याहून वाईट ऐकलंय."

नार्ड उठला आणि तपासणीच्या तारखेबरोबर आलेलं पत्रक चौथ्यांदा वाचू लागला. तपासणीच्या दिवसापुरता एक तात्पुरता नंबर मिळतो, त्यावर गाडी घरून थेट तपासणी केंद्रात न्यायची. वाटेत थांबायचं नाही, अपवाद फक्त रहदारीचा आणि यांत्रिक बिघाडाचा. गाडीत चालक व आवश्यक साहित्य, एवढंच. केंद्राचा रस्ता माळावरच्या देवळाला अगदी घासून जात होता.

"सोपं आहे," टोन म्हणाला. "देवळापाशी बॉनेट वर करून उभा राहा. धूर येतोय म्हण."

"धूर येत नसेल तर?"

"मी सिगरेट ओढतो शेजारी."

नार्डने नकार दिला आणि येल्लेला फोन लावला. "एकच विचारायचं होतं. बायको आवश्यक साहित्यात येते का?"

येल्लेने थोडा विचार केला. "तिच्याशिवाय गाडी चालते का?"

"गाडी चालते," नार्ड म्हणाला. "माझं चालत नाही."

"मग येते," येल्ले म्हणाला, आणि तसं लिहून घेतल्याचा आवाज आला.

पंधराला सकाळी दोघं निघाली. डिम्फनाने निळा झगा घातला होता, देवळाच्या दारावरून जायचं तर नीट दिसावं म्हणून. पुठ्ठ्यावरचा तात्पुरता नंबर काचेआड होता. नार्ड पन्नासच्या वर जात नव्हता आणि तोंडाने काही पुटपुटत होता. थांबायचं नाही, एवढंच त्याने ठरवलं होतं. त्याचे डोळे मात्र भरून आले होते, आणि रकान्यात लिहिण्यासारखं कारण त्यांना नव्हतं.

देवळासमोर मिरवणूक रस्ता ओलांडत होती. मेणबत्त्या, झेंडे, लहान मुली, शेवटी बँड. नार्डने गाडी थांबवली. ही रहदारी होती, नियमात बसत होती. आतून आन्नेलीस सराव करत असल्याचा आवाज आला. वरच्या सुराशी येऊन तो आवाज बाजूने निघून गेला.

डिम्फनाने शांतपणे हात लांब केला, किल्ली फिरवून काढली आणि पर्समध्ये टाकली.

"काय करतेस?"

"आता गाडी चालू होते का बघ."

नार्डने बघितलं. "नाही होत."

"मग बिघाड झाला," ती म्हणाली. "खोटं बोल म्हणून तुला कुणी सांगितलं? मला खाली उतरव."

बँडच्या दोन माणसांनी गाडी कडेला ढकलून दिली. डिम्फना सरळ पायाने, फादरांच्या दंडाला धरून, आत गेली. नार्ड बॉनेट उघडून उन्हात उभा राहिला, कारण बिघाड झालेल्या गाडीपाशी चालकाने थांबावं असं पत्रकात होतं. तासाभराने देवळाच्या उघड्या खिडकीतून तिचा सूर आला, वर गेला आणि तिथेच थांबला. नार्डने टोपी काढून बॅटरीवर ठेवली.

तपासणी केंद्रात तो पंचवीस मिनिटं उशिरा पोचला. फोनवरचा येल्ले दारातच फाटका रुमाल घेऊन चष्मा पुसत उभा होता.

"उशिराचं कारण?"

"किल्ली नव्हती."

"कुठे होती?"

"बायकोच्या पर्समध्ये. पर्स तिच्या खांद्याला होती आणि ती गात होती."

येल्लेने कारणांची यादी वरून खाली वाचली, मग खालून वर वाचली. "सतरा," तो शेवटी म्हणाला. "बाह्य कारणाने इंजिन बंद." त्याने सतरा लिहिलं, शिक्का मारला, चाकं, दिवे आणि ब्रेक तपासले, आणि दुपारी एक वाजून पाच मिनिटांनी निळी गाडी नेदरलँड्समध्ये जन्माला आली. वजन दीड टन, प्रकृती उत्तम.

कागद हातात देताना येल्लेने गाडीत बसलेल्या डिम्फनाकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, "सूर लागला का?"

"लागला," नार्ड म्हणाला. "ते कुठे लिहायचं?"

हे वाचून पुष्कळ वाचकांना हसू आलं असेल. साडेतीन मीटरसाठी एवढा उपद्व्याप करणारा माणूस त्यांना भाबडा वाटला असेल, आणि पाटी उतरवली त्या जागीच त्यांनी मनात म्हटलं असेल, की कोण बघतंय. त्यांचा अनुभव मोठा आहे, त्याचा मान राखायला हवा. आमच्या अंदाजाप्रमाणे दर शंभर वाचकांपैकी एकसष्ट जणांच्या गाडीच्या कागदांवर आजही विकलेल्या घराचा, मागच्या शहराचा किंवा दुसऱ्या राज्यातल्या मेहुण्याचा पत्ता आहे. उरलेल्या एकोणचाळीस जणांकडे गाडी नाही.