गाऱ्हाण्यात गेलेला कप

कप आपलाच! अहो, एकसष्ट साली हे मी इतक्या खात्रीने सांगत सुटलो होतो की घरात कपासाठी भिंतीला फळीसुद्धा ठोकली! बायको, आनंदी, म्हणाली, "आधी कप येऊ दे तरी!" बायकांना खेळातलं काय कळतं?

आमच्या नव्या कॉलेजात फुटबॉल आणि बास्केटबॉल, दोन्हींचा कोच मीच. बास्केटबॉलची रिंग मी माडाला ठोकली. पहिल्याच दिवशी वरून नारळ पडला, तेव्हापासून एकही पोरगं तिकडे फिरकेना! राहिला फुटबॉल. प्राचार्यांनी स्पष्टच सांगितलं होतं, "कपाच्या फायनलला देवगडकर आपल्याकडे येतायत. त्यांना हरवलंत तर नोकरी कायम. नाहीतर दोन्ही खेळ बंद!"

पोरं तयार होती हो! घात केला माझ्याच हौसेने. मॅचआधी देवाला गाऱ्हाणं घालायला मी गावच्या भिकाजीतात्यांना बोलावलं. तात्यांनी नारळ ठेवला, डोळे मिटले. "बा देवा म्हाराजा! पोरांका यश दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आम्ही सगळे ओरडलो.

इथे थांबायचं की नाही? पण लग्न असो, बारसं असो, तात्यांचं गाऱ्हाणं शेवटी पाहुण्यांवर येणारच. "आनि दारात इलेल्या पावण्याक रिकाम्या हातान धाडू नको रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळ्यात मोठा आवाज माझा.

एक गोल मारून आम्ही पुढे होतो. मला तर फळीवर कप दिसायला लागला! शेवटाकडे देवगडकरांचा बॉल रमतगमत आमच्या गोलकडे आला, आणि आमचा गोलकीपर लवू हात जोडून चक्क बाजूला झाला!

"लवू, मेल्या, बॉल!"

"सर, देवाक सबूद दिल्लो आसा. पावण्यांका रिकामे कशे धाडूचे?"

बरोबरी! झाला एकदाचा पाहुणचार, म्हणून मी घाम पुसला. तेवढ्यात कडेला बसलेली लवूची आई सुभद्रा ओरडली, "अरे, ह्यां तर नुसता चाय-पाणी झाला! जेवाण खंय आसा?"

पोरांना पटलं! आमच्याच टीममधल्या बाबलीने बॉल नेऊन आपल्याच गोलात मारला. वर देवगडकरांना म्हणतो, "सावकाश जावा हां!"

इतकं वाईट मला जन्मात वाटलं नाही. ओरडणार तरी कोणावर? गाऱ्हाण्यात मीही होतोच की! घरी आलो तर आनंदीने फळीवर लोणच्याची बरणी ठेवली.

सकाळी प्राचार्यांनी बोलावलं. "आजपासून खेळ बंद. तुम्ही लायब्ररीत बसायचं. कबूल?"

सांगायचं खूप होतं. पोरं गुणी आहेत, एक वर्ष द्या, पाया पडतो. पण मेलं तोंड! मान खाली घालून हात जोडले आणि सवयीने बोलून गेलो, "व्हय म्हाराजा!"