लाल स्लीपिंग बॅग आणि नानांचा घड

डोंगर चढणारे जळगावात पुष्कळ असतील, पण डोंगराचं सामान सांभाळावं ते भूपेंद्रनेच! हे खुद्द भूपेंद्रच सांगत असे, आणि आठवड्यातून दोनदा तरी सांगत असे. पाइप कंपनीच्या डिस्पॅच खात्यात दिवसभर दुसऱ्यांचा माल रवाना करणारा हा गृहस्थ घरी आला की आपल्या कपाटासमोर उभा राही. बूट, दोर, डोक्याला लावायची बॅटरी, चेपलेली किटली, सगळं जागच्या जागी. दाराच्या आतल्या बाजूला यादी चिकटवलेली.

"चौदा वर्षं झाली, एक हूक हरवला नाही!" तो मोनालीला म्हणे.

"आणि माझ्या साड्यांना एक कप्पा मिळाला नाही," मोनाली म्हणे. पण बिचारी हसून म्हणे.

त्या सगळ्या सामानात भूपेंद्रचा जीव होता तो लाल स्लीपिंग बॅगमध्ये. ती त्याच्या वडिलांनी घेतलेली. वडील डाळ मिलमध्ये मुकादम. डोंगर पाहिला तो एस.टी.च्या खिडकीतून, अजिंठ्याचा घाट. पण मुलगा बर्फात झोपणार म्हटल्यावर ते हिवाळ्यात भरणाऱ्या तिबेटी लोकांच्या स्वेटर बाजारात गेले आणि म्हणाले, "आधी मी झोपून पाहतो!" भर रस्त्यात आडवे होऊन त्यांनी गळ्यापर्यंत चेन ओढली. ती अडकली. दोन गिऱ्हाइकं आणि एक रिक्षावाला यांनी मिळून त्यांना बाहेर काढलं. बाहेर येऊन घाम पुसत ते म्हणाले, "माल चांगला आहे. द्या बांधून!"

पुढे पाटणादेवीला शेकोटीची ठिणगी उडून बॅगेला पायाशी भोक पडलं, तेव्हा वडिलांनी दाभण आणि सुतळी घेतली. तुरीच्या डाळीच्या पोत्यांवर आयुष्यभर घातली तीच शिवण त्यांनी त्या बॅगेवर घातली. वडील जाऊन आता चार वर्षं झाली. झोपेत त्या सुतळीवरून पाय फिरला की भूपेंद्रला शांत वाटायचं. हे मात्र त्याने कोणालाच सांगितलं नव्हतं, अगदी मोनालीलाही नाही.

आणि तिथेच घोळ झाला.

शनिवारी रात्रीची रेल्वे. उत्तराखंड, बर्फ, आठ दिवस. गुरुवारी रजा टाकून भूपेंद्रने यादी वाचायला घेतली. बूट, आहेत. दोर, आहे. स्लीपिंग बॅग...

"मोने! माझी स्लीपिंग बॅग?"

"ती लाल? सुतळी लावलेली? नानांना दिली."

"दिली?"

"दिवाळीत. शेतातली लाइट रात्री येते, नाना केळीला पाणी भरायला जातात, कुडकुडतात बिचारे. तू तेव्हा नागपूरला होतास. आणि फाटकी तर होती!"

फाटकी! भूपेंद्र खुर्चीवर बसला. बायकोला काय बोलणार? जे तिला कधी सांगितलंच नाही, ते तिला कळणार कसं! त्याने मुकाट्याने यावलकडच्या सासऱ्यांना, जीवरामनानांना, फोन लावला. नाना फोनवर असे बोलत की फोन नसता तरी जळगावला ऐकू गेलं असतं.

"आहाहा! काय चीज पाठोली जावाईबापू तुमी! दीड महिन्यात काय रंग आला हाये, काय तेज!"

"कोणाला, नाना?"

"पाहालेच या ना! गावोगावचे लोकं येऊन ऱ्हायले!"

फोन बंद. भूपेंद्रने बाजारातून दोन जाड ब्लँकेटं घेतली, मोटारसायकलला बांधली आणि निघाला. बेत सोपा होता. ब्लँकेटं द्यायची, बॅग घ्यायची, चहा प्यायचा आणि दिवस मावळायच्या आत घरी!

पण सासुरवाडीत जावई आठवड्याच्या मधल्या वारी, न कळवता, बायकोला न घेता येतो, याचा अर्थ काय होतो हे त्याच्या ध्यानात आलं नाही. सासूबाईंच्या, म्हणजे सुनंदाबाईंच्या, मात्र त्याने हेल्मेट काढायच्या आत आलं.

"मोनाली कुठी हाये?"

"घरीच आहे, आई."

"भांडले?"

"छे हो! एक वस्तू न्यायची होती, म्हणून आलो."

सुनंदाबाईंचा चेहरा उतरला. त्यांनी त्याला पाटावर बसवलं, भरीत वाढलं, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी वाढली, वर तेल सोडलं आणि मागच्या दाराने शेजारच्या शेवंताबाईंना बोलावून आणलं. गावातल्या रुसव्याफुगव्यांचा निकाल शेवंताबाईच लावीत.

"पाव्हने, मनात काही ठेवू नका," शेवंताबाईंनी समोर बैठक मारली. "यंदा जीवरामभाऊ केळीच्या घडाच्या नादात व्हते, दिवाळीचा आहेर साधाच झाला. आमाले कळते."

"अहो अक्का, आहेराचं काहीच नाही! मला फक्त माझी वस्तू..."

"पाह्य सुनंदा!" शेवंताबाई वळल्या. "वस्तूच म्हनून ऱ्हायले! अंगठीच हाये मनात."

"मंग हे ब्लँकेटं कायले आनले असतीन?" सुनंदाबाईंना काही उलगडेना.

"आपल्या आहेराची परतफेड करून ऱ्हायले, दुसरं काय!"

भूपेंद्रला ठसका लागला. आता 'वस्तू' हा शब्द तोंडातून काढणं म्हणजे सोनं मागणं! बापजन्मात कोणाकडे काही मागितलं नाही आणि आज भरल्या ताटावर लोभी ठरलो, या विचाराने त्याने तिसरी भाकरी न मागता, वाढली तशी खाल्ली. भरीत मात्र उत्तम झालं होतं.

उन्हं कलली तसे नाना आले. सत्तरीचा, सडपातळ, टोपी जरा तिरकी ठेवणारा माणूस. "चला!" एवढंच म्हणाले. शेतात केळीच्या बागेत दहा-बारा माणसं आधीच येऊन थांबली होती. दोघं तर थेट चाळीसगावहून आले होते. आणि समोर तो घड!

भूपेंद्रने केळी काही कमी पाहिल्या नव्हत्या, पण असा घड नव्हता पाहिला. पंधरा फण्या, एकही केळ वाकडं नाही, एकही डाग नाही. खाली दोन बांबूंचा टेकू. कितीतरी वेळ तो नुसता बघतच राहिला.

"दोन सालं थंडीनं घात केला," नाना सांगत होते. "पारा उतरला की केळ काळं पडते, तडकते. धूर केला, पानी देलं, काही उपेग नाही. यंदा म्हनलं, सोमवारी जळगावले प्रदर्शनात हा घड गेलाच पाह्यजे! तर जावायानं ही दुलई पाठोली. बर्फातली हाये ती, बर्फातली!"

सगळ्यांनी भूपेंद्रकडे आदराने पाहिलं. भूपेंद्रने जमिनीकडे पाहिलं.

मग तो कार्यक्रम सुरू झाला, ज्यासाठी ही मंडळी रोज संध्याकाळी जमत. घड झोपवायचा! नानांनी हात धुतले, पुसले. दोरीवर वाळत घातलेली लाल बॅग काढली, दोनदा झटकली. खालून हळूहळू वर सरकवली, एकेक फणी सांभाळत, एकाही केळाला घासू न देता. बाजूची चेन ओढली. बॅगेच्या टोपीची नाडी वर दांड्याभोवती आवळून तिची गाठ मारली. तान्ह्या बाळाला कुंची घालावी तसा तो घड दिसू लागला. चाळीसगावकरांनी टाळ्या वाजवल्या.

भूपेंद्रला राग यायला हवा होता, पण येईना. चौदा वर्षांत त्याने स्वतः ती बॅग गुडघ्याने कोंबून कोंबून भरली होती. इतक्या हळुवार हाताने ती कधी कोणी हाताळली नव्हती. तरीही शनिवारची रेल्वे होती, आणि पायाशी ती सुतळीची शिवण त्याला स्पष्ट दिसत होती.

नाना मंडळींना बांधापर्यंत सोडायला गेले आणि भूपेंद्रच्या मनात पाप आलं. झटकन बॅग काढावी, ब्लँकेटं गुंडाळावी! ती ब्लँकेटं घरी सासूबाईंच्या ताब्यात आहेत, हे त्याला केळीचं क्रेट पालथं घालून वर चढल्यावर आठवलं. पण आता चढलाच होता! त्याने गाठ सोडली. चेन ओढली. अर्ध्यावर आली आणि अडकली. जोर लावला. क्रेट डगमगलं, पाय टेकूला लागला, बांबू सटकला, आणि 'करर' आवाज करत ते अख्खं झाड घडासकट त्याच्या अंगावर झुकलं!

भूपेंद्रने दोन्ही हातांनी घडाला मिठी मारली. चाळीस किलो तरी वजन असेल. सोडावा तर घड मातीत, नानांचं वर्ष मातीत. धरावा तर हात गळून पडायची वेळ! मोठ्याने ओरडावं तर चोरी उघडी पडणार.

"नाना..." तो अगदी हळू म्हणाला. फक्त केळींना ऐकू गेलं असेल.

खिशातला फोन वाजला. मोनालीच असणार. वाजून वाजून बंद झाला. नाकावर एक मुंगी चढली, पाठीला रग लागली, पण पठ्ठ्याने मिठी सोडली नाही! हे त्याचं मानायलाच हवं. डोंगरावर दोराला लटकून त्याने कधी इतकी चिकाटी दाखवली नव्हती.

शेवटी शेजारचा शेतकरी निंबा डोकावला आणि त्याने बोंब ठोकली. "धावा रे! झाड पडलं! जावायानं घड झेलला!"

सगळा लोंढा परत आला. पुढे नाना, टोपी हातात.

"धरा, धरा हो कोणीतरी!" भूपेंद्र कळवळला.

"थांबा पाव्हने, असेच थांबा!" निंबाने मोबाइल काढला. "एकच फोटो!"

एक नाही, सहा झाले. मग कुठे चार जणांनी झाड उभं केलं, टेकू लावला, घड सोडवला. भूपेंद्र मटकन खाली बसला. "जावाई असावा तर असा!" निंबा म्हणाला. शेवंताबाईसुद्धा धापा टाकत आल्या होत्या. त्यांनी तिथल्या तिथे निकाल फिरवला. "सुनंदा, अंगठी देऊन टाक याले! मी आधीच म्हनत व्हती, मानूस सोन्यासारखा हाये!"

नानांनी पालथं क्रेट पाहिलं. सुटलेली गाठ पाहिली. अर्धी उघडी चेन पाहिली. मग भूपेंद्रकडे पाहिलं. आता फुटणार बिंग, असं समजून भूपेंद्रने डोळे मिटून घेतले.

"मीच त्यांले म्हनलं व्हतं," नाना सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "मी येईपर्यंत घडापाशी थांबा म्हनून. चला आता, घरी जा समदे."

लोक पांगले. नाना त्याच्याजवळ मातीत बसले.

"न्यायले आलते ना?"

भूपेंद्रने मान हलवली.

"मंग सांगायचं ना! मी आपला मीच बोलत बसलो," नाना म्हणाले. "पहिल्या दिवशी मले वाटलं, खालून हवेले जागा कराव. म्हनून मी खालून कापाले विळा घेतला..."

भूपेंद्र वळून बॅगेच्या पायाकडे पाहू लागला.

"तं ती सुतळी दिसली. जावाईबापू, मी जन्मभर पोते पाह्यले, पन अशी शिवन! एक टाका कमी नाही, एक जास्त नाही. मी विळा ठेवून देला. व्याह्यांची हाये ना?"

"हो," भूपेंद्र म्हणाला.

"मले वाटलंच. हवेचं काय, रोज सकाळी काढतो, उलटी करून वाळवतो. हात लावाले कोनाले देत नाही." नाना उठले आणि चेनीला हात घातला. "घ्या. तुमची वस्तू हाये. घडाले गोधड्या गुंडाळू, व्हईन ते व्हईन."

त्यांचा आवाज नेहमीसारखा खणखणीत नव्हता. भूपेंद्रने त्या म्हाताऱ्या हातांकडे पाहिलं. ज्या टाक्यांसाठी आपण सकाळपासून जीव टाकतो आहोत, ते ओळखणारा माणूस या जगात आणखी एक आहे, हे त्याला आत्ता कळलं. आणि आपण त्याच्याकडे चोरासारखे आलो! त्याला स्वतःची भारी लाज वाटली, आणि नानांबद्दल इतकं प्रेम दाटून आलं की तो पटकन उठून उभा राहिला.

"राहू द्या, नाना. सोमवारपर्यंत तिथेच राहू द्या."

"अन् तुमी? बर्फात?"

"माझं बघतो मी."

त्याने चेनीत अडकलेला कापडाचा दोरा नखाने हळूच सोडवला, चेन वरपर्यंत लावली आणि नाडीची गाठ मारली. नानांनी ती तपासली आणि जरा सैल केली.

रात्री तो घरी पोहोचला तेव्हा मोनाली दारातच उभी होती. व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवरून फोटो तिच्यापर्यंत कधीच आला होता. डोळे मिटून लाल गाठोड्याला मिठी मारलेला नवरा आणि त्याखाली सगळ्या नातेवाइकांचे जोडलेले हात.

"हे कौतुक राहू दे," ती हसू दाबत म्हणाली. "बॅग आणली का? शनिवारी निघायचं आहे ना तुला?"

भूपेंद्रने बुटांचे बंद सोडले, पाठ चोळली आणि नजर चुकवत म्हणाला, "अगं, कशी आणणार? मी निघालो तेव्हा नुकताच झोपला होता तो!"