उलटं चाक आणि तीस किलो मिरची

"ट्यूब कशी निवडावी, हे अख्ख्या पेठेनं माझ्याकडनं शिकावं!" राजशेखर स्टुलावरून उतरला तो अशा थाटात, की जणू सूर्यच नुकता टांगून आलाय!

त्यांची मिरची कांडपाची शेड भर दुपारीही अंधारी. आजवर तिथं एक पिवळा बल्ब मिणमिणायचा. पण उन्हाळा लागला, वर्षाच्या चटणीची गर्दी सुरू होणार, म्हणून राजशेखरनं एका बंद पडलेल्या ऑफिसातून चार फुटी ट्यूब आणली होती, पट्टी, चोक, स्टार्टरसकट. "एलईडी डोळ्यांत खुपतो. ट्यूबचा उजेड कसा, ताकासारखा थंड!"

त्याची बायको दानेश्वरी मुसळांखालची उखळं पुसत होती. लिंगपूजा झाल्याशिवाय पाण्याचा थेंब न घेणारी बाई ती. चढ्या आवाजात बोलणं तिला जमायचंच नाही. तिला एकच घोर होता. पेठेतल्या पूर्णिमाकाकींच्या घरी लग्न होतं. तीस किलो मिरची! ती इथं कांडली गेली, तर सगळी पेठ मागोमाग येणार. नाहीतर सगळी पेठ कोपऱ्यावरच्या नव्या कांडपाकडं!

काकी आल्या, सोबत तीन शेजारणी. पोती मात्र रिक्षातच. "आधी किलोभर कांडून दाखवा. रंग पटला तर बाकीची उतरवू."

ट्यूब दोनदा लुकलुकली आणि लख्ख पेटली. राजशेखरनं मोटार सुरू केली. मुसळं धडाधड नाचू लागली. तिखटाचा धुरळा नळीतून बाहेर फेकणारा मोठा पंखा घरघरला.

आणि दानेश्वरीचे हात आपोआप जोडले गेले.

जाळीआडचं मोटारीचं चार आऱ्यांचं चाक! रोज ते वेगानं नुसतं धूसर दिसायचं. आज एकेक आरा मोजून घ्यावा इतकं स्वच्छ! पालखी निघावी तसं सावकाश चाललं होतं. आणि चक्क उलटं!

"शिवा, शिवा," ती पुटपुटली.

"अगं बया! चाक मागं निघालंय, तरी मुसळं चालूच हायत की!" एक शेजारीण किंचाळली. दुसरीनं चपला काढल्या. तिसरीनं जाळीसमोर पाच मिरच्या ठेवून नमस्कार घातला!

काकी मात्र जागच्या हलल्या नाहीत. "राजशेखर, ह्ये शुभ का अशुभ, त्ये आधी सांग. लग्नाची चटणी हाय!"

राजशेखरला आठवलं. मागं गल्लीच्या विजेच्या डीपीचं काम झालं, तेव्हा फेज उलटी येऊन गल्लीतल्या झाडून सगळ्या मोटारी उलट्या फिरल्या होत्या. "काय न्हाय काकी, फेज बदललीय. दोन मिंटं!" त्यानं मेन स्विच पाडला, दोन वायरींची अदलाबदल केली आणि मेन चढवला.

चाक सरळ निघालं! तसंच सावकाश, तसंच राजेशाही!

"बघा! ह्याला म्हंत्यात डोस्कं!"

मुसळांना तर उलट-सुलट सारखंच; त्यांनी आयुष्यभर फक्त वरखालीच केलेलं. पंख्याचं तसं नव्हतं. मेनवरच वायरी फिरवल्यानं तोही उलटा फिरला होता. नळीत दोन महिने साठलेलं तिखट घेऊन बाहेरचा वारा आत घुसला. लाल ढग!

"ह्याला म्हंत्यात डो... डो... आक्छी!"

मग शिंकांचा असा धडाका उडाला, की मुसळांनी लाजावं! मघाशी नमस्कार घालणारी शेजारीण तिथंच लवून शिंकत होती. ती देवाला शिंकतेय की माणसांना, कळेना!

"आरं, बंद कर की मुडद्या!" काकी पदरातून ओरडल्या.

दानेश्वरीनं डोळे मिटून, भिंत चाचपत मेन पाडला.

आवाज ऐकून शेजारचा भरमाप्पा वायरमन नाकाला टॉवेल लावून आला. सगळं ऐकलं आणि कपाळावर हात मारला. "फेज बराबरच हुती की! चाक बी सरळच फिरत हुतं. ही चोकची ट्यूब सेकंदाला शंभर बार विझती आणि पेटती. दर बारीला पेटताना आरा आधीच्या जागेपरीस जरा मागं घावतो, म्हणून चाक उलटं गेल्यागत दिसतं. फिरत्या यंत्रापाशी नुसती असली ट्यूब लावत्यात व्हय? थांबलंय समजून एखादा हात घालंल!"

त्यानं वायरी पूर्ववत केल्या, ट्यूब बंद करून जुना बल्ब लावला. चाक पुन्हा धूसर, मुकाट.

दानेश्वरी विझलेल्या ट्यूबकडं बघतच राहिली. सेकंदाला शंभरदा विझायचं, आणि कुणाला कळू न देता उजेड देत राहायचं! चाकापेक्षा हाच चमत्कार तिला मोठा वाटला. पण तीस किलो गेलेच होते. काकी लाल डोळ्यांनी रिक्षात बसल्या आणि पोत्यांसकट निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी पूजा आटोपून तिनं शेडचं दार उघडलं, तर समोर काकींची रिक्षा! सगळी पोती! मागं आणखी दोन रिक्षा, बायकांनी गच्च भरलेल्या!

"काकी, सगळं दुरुस्त केलंय," दानेश्वरी हळूच म्हणाली. "आता चाक अजिबात उलटं दिसत न्हाय."

काकींचा चेहरा खर्रकन उतरला.

"दुरुस्त केलं? आगं, ही पावणं मंडळी शाहूवाडीहून काय सरळ चाक बघाय आल्यात व्हय?"

दानेश्वरीनं मनातल्या मनात महादेवाची क्षमा मागितली, जाळीला कुलूप घातलं, पंखा धुरळा बाहेरच फेकतोय ना हे दोनदा बघून घेतलं, आणि बल्ब मालवून ट्यूबचं बटण दाबलं.