गायरानातल्या बेवारस कबरी

गोरक्षनाथाने आळस केला, आणि तोही नेमका ख्रिस्ती कबरस्थानाच्या कुंपणालगत. गायरानात वेडी बाभूळ माजली होती. गावाने ठरवलं, जो ज्या तुकड्यातून तिला मुळासकट काढील, त्या तुकड्यावरचं गवत त्याचं. मात्र दिवाळीनंतरच्या पाहणीत एक जरी कोंब दिसला, तर तुकडा दुसऱ्याला. गोजरबाईच्या शेळ्यांचा चारा कुंपणालगतच्या तुकड्यावरच होता, म्हणून तिने नवऱ्याच्या, गोरक्षनाथाच्या, हातात कुदळ दिली.

नवऱ्याने वापरली कुऱ्हाड. या बाभळीचं मूळ खणायचं म्हणजे कंबरेचा भुगा. त्याने बुंधे जमिनीतच ठेवले, वर मातीचे लांबट ढीग घालून चोपले आणि माती वाहू नये म्हणून कडेने दगड लावले. काम देखणं झालं होतं, हे मान्य करायला हवं.

मृतांच्या स्मरणाच्या दिवशी निवृत्त शिक्षिका हेलनबाई नवऱ्याच्या कबरीवर मेणबत्ती लावायला आल्या. कुंपणापलीकडे ताज्या कबरी! ना क्रूस, ना फूल. त्यांना फार वाईट वाटलं. त्यांनी प्रत्येकीवर मेणबत्ती रोवली, प्रार्थना केली आणि दुकानदार बन्सीला विचारलं, "कोण कोण गेलं हो गावात?"

"कुनीच न्हाई, बाई," बन्सी म्हणाला आणि त्याचा चेहरा उतरला.

कोणीच गेलं नाही, तर पुरलं कोणाला? गायरानाकडे कोणी फिरकेना. पाहणी करणाऱ्या काकासाहेबांचे गुडघे अचानक दुखू लागले. गोरक्षनाथ मनातून खूश होता, पण घरी शेळ्या ओरडत होत्या.

"अगं, आपलाच तुकडा हाय. जा की गवताला."

"मेल्यांच्या उशाचं गवत? तुमी जावा!"

गोरक्षनाथ विळा घेऊन निघाला. ढीग त्यानेच घातलेले, तो कशाला भितोय? दिवस कलला होता. वारा पडला होता, एकही पाखरू बोलत नव्हतं. मधल्या ढिगावरची मेणबत्ती कलली होती. तो बघत असतानाच एक ढेकूळ आपोआप घरंगळलं. मातीला भेग पडली होती आणि तिच्यातून एक पांढुरकं, बारीक बोट वर आलं होतं.

"उठलं! उठलं!" आत काय आहे हे गावात ज्या एकट्याला ठाऊक होतं, तोच बोंबलत सुटला.

सकाळी अख्खा गाव गेला, पुढे बायबल घेऊन हेलनबाई. काकासाहेबांनी लांब काठीने माती उकरली. बोटाला काटे होते.

"आरं, ही तर बाभळ!"

सगळे गोरक्षनाथाकडे वळले.

"मुडदा निघाला आसता तर बरं हुतं," गोजरबाई म्हणाली.

"ठरल्याप्रमाणं तुकडा दुसऱ्याला. कोन घेतंय?" काकासाहेबांनी विचारलं. बाभूळ निघाली तरी लोक दोन पावलं मागेच सरकले.

"माज्या नावावर करा," गोजरबाई म्हणाली. "गडी हाय माज्याकडं."

गडी कण्हत कण्हत खणत राहिला. शेवटचा खड्डा बुजवून त्याने कंबर धरली, तेव्हा गोजरबाई हेलनबाईंकडून उरलेल्या मेणबत्त्या घेऊन आली आणि प्रत्येक बुजलेल्या खड्ड्यावर एकेक रोवू लागली.

"आता गं कशाला?"

"कलली की कळंल. मग तुमी हाय आन् कुदळ हाय."

शेवटच्या खड्ड्याशी ती वाकली, तसा गोरक्षनाथ घाईने म्हणाला, "थांब, तितं नगं लावू." आणि त्याने मुकाट्याने पुन्हा कुदळ उचलली.