मालकांची गाडी

पाणीपट्टी खात्यातल्या हेडक्लार्कनी (सगळे त्यांना भाऊ म्हणतात) आयुष्यात पहिल्यांदा बायकोला न विचारता एक निर्णय घेतला, आणि तो सोळा फूट लांब निघाला.

काळी, आलिशान सेडान! साडूंनी तसलीच घेतल्यापासून भाऊंच्या घशाखाली घास उतरत नव्हता. वर साडू भेटले की म्हणायचे, "तुमचं बरंय भाऊ, पार्किंगची कटकट नाही!"

मग भाऊंना शोध लागला, की हीच गाडी शेजारच्या प्रांतात, वापरलेली, जवळजवळ निम्म्यात मिळते. तिकडे कर कमी. (इकडे गाडी नावावर करताना तो फरक भरावा लागतो, हे एजंटनं सांगितलं. गाडी आणल्यावर.) फरक भरायला खिशात काही उरलं नव्हतं, म्हणून कागदांवर जुनंच नाव राहिलं. पण कागद कोण बघतंय? साडूंनी गाडी बघितली म्हणजे झालं!

बायकोला मात्र कौतुक. गाडी दारात आली तशी ती नवऱ्याला 'अहो' सोडून 'मालक' म्हणायला लागली.

सासऱ्यांच्या पंचाहत्तरीचं जेवण हॉलवर होतं. भाऊंनी पांढराशुभ्र शर्ट, पांढरी पँट चढवली. बायको मागच्या सीटवर ऐसपैस बसली.

"अगं, पुढे बस की."

"पुढे तर टेम्पोतही बसता येतं. पैसे मोजलेत ते मागच्या सीटचे!"

(भाऊंनी गाडी सुरू केली.)

हॉलच्या फाटकावर वॉचमननं मागचं दार उघडून बाईंना सलाम ठोकला, आणि भाऊंकडे वळला. "गाडी मागे लाव. ड्रायव्हर लोकांचं जेवण शेडमध्ये."

"अरे, मी मालक आहे!"

"हो हो. आधी गाडी काढ, मागचे मालक हॉर्न मारतायत."

गाडी लावून भाऊ परतले, तर वॉचमन दारात आडवा; त्यानं त्यांना सरळ शेडकडे पिटाळलं. आत बायकोची बहीण तिला विचारत होती, "गाडी कुणाची गं?"

"मालकांची," बायको लाजून म्हणाली.

झालं! साडू धावतच शेडकडे आले. "भाऊ, साहेबांची गाडी आणलीत म्हणे! ओरखडा पाडू नका हो, पगारातून कापतील."

"मालक म्हणजे मी!"

शेडमध्ये हशा पिकला. "आम्हीपण परगावी गेलो की हेच सांगतो," एक म्हातारा ड्रायव्हर बोटं चाटत म्हणाला.

भाऊंनी तावातावानं कागद काढले आणि साडूंच्या हातावर आपटले. साडूंनी चष्मा लावला. जुन्या मालकाचं नाव खणखणीत वाचलं.

"मग मी वेगळं काय म्हणतोय?"

साडूंचा आवाज एकदम मऊ झाला. "लाजू नका हो. रिटायरमेंट जवळ आली, जोडधंदा हवाच. आमचा ड्रायव्हर रविवारी दांडी मारतो. याल का?"

भाऊंच्या पोटात कावळे ओरडत होते आणि शेडमधली डाळ तर केव्हाच संपली होती. त्यांनी मान ताठ केली.

"येईन. पण आजचं जेवण आत!"