दोन इंच सैल

शिंपीणबाईंच्या गळ्यात आजवर फक्त मोजपट्टी असायची. त्या सोमवारपासून तिच्या जोडीला एक ओळखपत्र लटकू लागलं. त्यावर फोटो होता, शिक्का होता आणि ‘सहसंशोधक’ असा भारदस्त शब्द होता. गल्लीतल्याच लोकांना शिकवून गल्लीच्या तब्येतीचा अभ्यास करायचा, असं आरोग्य केंद्रानं ठरवलं होतं. प्रशिक्षणाला पहिल्या दिवशी अकरा जण आले. आठव्या दिवशी उरल्या त्या शिंपीणबाई.

“म्हणजे आता तू लोकांना तपासणार?” सासूबाईंनी विचारलं.

“तपासायचं नाही, आई. मोजायचं आणि लिहायचं. सल्ला द्यायचा नाही, आणि एकाचं माप दुसऱ्याला सांगायचं नाही. नियम आहे.”

“मग त्यात मजा ती काय?” सासूबाई म्हणाल्या आणि टीव्हीचा आवाज वाढवला.

शिंपीणबाई प्रशिक्षणात सगळं मन लावून शिकल्या होत्या. अपवाद एका तासाचा. त्या तासाला डॉक्टर मॅडमनी कंबरेचा घेर कसा मोजायचा ते दाखवलं. पंचवीस वर्षं जिनं गल्लीच्या कंबरा मोजल्या, तिला कंबर कुठे असते हे कुणी सांगायचं? त्या तासाला त्यांनी एका ग्राहकाच्या कोटाचं अस्तर मनातल्या मनात बेतून टाकलं.

सुरुवात घरापासून झाली. सासूबाई क्रमांक एक.

“सैल धरू नकोस हं,” सासूबाईंनी दम दिला. “मागच्या वेळी माझ्या झग्याचं पोतं करून ठेवलं होतंस.”

शिंपीणबाईंनी अगदी नेमकं माप घेतलं. एकोणऐंशी सेंटिमीटर. मग चार दिवसांत उरलेली एकेचाळीस माणसं मोजून कागद केंद्रात दिले.

आठवड्यानं प्रत्येकाला बंद पाकिटात एकेक चिठ्ठी मिळाली. घेर बेताचा असेल तर हिरवी, जास्त असेल तर लाल. गल्लीत एकेचाळीस चिठ्ठ्या लाल निघाल्या. हिरवी एकच होती आणि ती लपून राहणं शक्यच नव्हतं, कारण सासूबाईंनी ती खिडकीच्या काचेला आतून चिकटवली होती.

डॉक्टर मॅडम हादरल्या. त्यांनी लगेच तीन आठवड्यांचा कार्यक्रम आखला. रोज सकाळी सहाला मैदानाला दहा फेऱ्या, आणि गोड बंद. देखरेख कोणी करायची हा प्रश्नच आला नाही. सासूबाई पहिल्याच दिवशी घडीची खुर्ची घेऊन मैदानात हजर होत्या.

“पाय उचला,” त्या बसल्या जागेवरून सांगायच्या. “माझ्या वयाला आलात की कळेल.”

पंचाईत झाली ती बेकरीवाल्याची. त्याच्या दुकानात भर दुपारी शुकशुकाट. पण त्याच्या दुकानाचं मागचं दार नेमकं मैदानाकडे उघडायचं. तीन दिवसांत त्याला एक गोष्ट कळली, की दहा फेऱ्या मारलेल्या माणसाला दणकून भूक लागते. मागच्या दारी रांग लागू लागली. अडचण फक्त खुर्चीची होती. तेव्हा तो रोज सकाळी सासूबाईंसमोर ताज्या बिस्किटांची बशी ठेवू लागला.

“तुम्हाला काय पथ्य? तुमची हिरवी आहे,” तो म्हणायचा.

“ते आहेच,” असं म्हणून सासूबाई बशीकडे वळायच्या. त्यांची पाठ मागच्या दाराकडे होईल अशा बेतानंच तो बशी ठेवायचा.

तीन आठवड्यांनी केंद्रातल्या नर्सनं सगळ्यांना पुन्हा मोजलं. माप कुणालाही सांगितलं नाही. संध्याकाळी डॉक्टर मॅडमनी शिंपीणबाईंना बोलावून घेतलं. त्यांचा चेहरा फुलला होता.

“ताई, हे बघा. एक सोडला तर प्रत्येकाचा घेर पाच सेंटिमीटरनं उतरलाय. उद्या मोठे साहेब येतायत. गल्लीतल्या बाया मोजणार आणि आम्ही विश्वास ठेवायचा का, असं तेच म्हणाले होते. आता हे पाहिल्यावर आणखी बारा गल्ल्यांना मंजुरी देतील.”

शिंपीणबाईंनी कागदावरून बोट फिरवलं. पाच, पाच, पाच, पाच. पाच सेंटिमीटर म्हणजे दोन इंच. माणसाला बसता-उठता यावं म्हणून मापात दोन इंच सैल धरून लिहायचं, ही त्यांच्या हाताची पंचवीस वर्षांची सवय. हातानं ती अभ्यासातही इमानानं पाळली होती. म्हणजे मुळात कुणाचाच घेर जास्त नव्हता आणि तीन आठवड्यांत कुणाचा एक धागाही हलला नव्हता. एक क्रमांक सोडून.

त्या रात्री त्यांना जेवण गेलं नाही. बोलावं तर ओळखपत्र जाणार, बारा गल्ल्या जाणार, आणि साहेबांचं म्हणणं खरं ठरणार. गप्प बसावं तर कुणालाच कळणार नव्हतं. त्यांना फार वाईट वाटत होतं आणि ते कुणाला सांगायचीही सोय नव्हती.

दुसऱ्या दिवशी केंद्राचं सभागृह भरलं. सासूबाई पहिल्या रांगेत होत्या. मॅडमनी तक्ता लावला, साहेबांनी चष्मा लावला, आणि शिंपीणबाई उभ्या राहिल्या.

“साहेब, हे खोटं आहे,” त्या म्हणाल्या. “माझ्या हातून झालंय.” आणि त्यांनी दोन इंचांची सगळी हकीकत सांगितली. मग गळ्यातलं ओळखपत्र काढून टेबलावर ठेवलं.

साहेब तक्त्याकडे बघत राहिले.

“एकेचाळीस माणसं सारखीच, बरोबर पाच सेंटिमीटरनं बारीक झाली,” ते सावकाश म्हणाले, “आणि हे तुमच्या केंद्रात कुणालाच खटकलं नाही?”

“नाही सर,” मॅडम म्हणाल्या.

“मलाही नाही. काल रात्री मी मॅडमनी पाठवलेला तक्ता बघून शाबासकीचं पत्रसुद्धा लिहिलं.” त्यांनी ओळखपत्र उचलून शिंपीणबाईंपुढे धरलं. “हे घाला. बारा गल्ल्यांना प्रशिक्षण तुम्ही द्यायचं. पहिला धडा हाच.”

टाळ्या झाल्या. शिंपीणबाईंचे डोळे भरून आले. साहेब पुन्हा तक्त्याकडे वळले.

“म्हणजे खरा बदल एकाच व्यक्तीत दिसतो. क्रमांक एक. एकोणऐंशीवरून चौऱ्याऐंशी.”

सभागृहात खसखस पिकली. सर्वांत मोठ्यानं सासूबाई हसल्या.

“तीन आठवड्यांत एवढी वाढली?” त्या म्हणाल्या. “कोण गं ही क्रमांक एक? काही लाज?”

सगळी गल्ली शिंपीणबाईंकडे बघू लागली. गेल्या तीन आठवड्यांतल्या प्रत्येक सकाळचा हिशेब एका वाक्यात चुकता करता आला असता.

“ते सांगता येत नाही, आई,” शिंपीणबाई म्हणाल्या. “नियम आहे.”

बाहेर पडताना प्रत्येकाला नवी चिठ्ठी मिळाली. सासूबाईंनी पाकीट उघडलं, आत बघितलं आणि पुन्हा बंद केलं. घरी आल्यावर खिडकीवरची हिरवी चिठ्ठी नखानं खरवडून काढली, कपाटातून झगा आणून शिलाई मशीनवर ठेवला आणि भिंतीकडे बघत म्हणाल्या, “हा उसवून ठेव. दोन इंच सैल कर.”