निळ्या फेजवरचे दहा वॅट

"बाबा, ओव्हन गेला!"

स्वयंपाकघरातून सुनेची हाक आली तेव्हा गुरुजी शर्टाच्या कॉलरवर इस्त्री फिरवत होते आणि न्हाणीघरात गिझर त्यांच्याच आंघोळीचं पाणी तापवत होता. इस्त्री थंड पडत चालली होती, गिझरचा दिवा विझला होता. डोक्यावरचा पंखा मात्र गरगर फिरत होता. गुरुजींना मोठी गंमत वाटली. अर्धं घर जागं आणि अर्धं झोपलेलं, हे कसं काय?

सुनेला त्यात काही गंमत दिसेना. चार वाजता कोपऱ्यावरच्या कॅफेची मालकीण केक चाखायला येणार होती. पसंत पडला तर रोजचं काम मिळणार होतं. आणि ओव्हनमधला केक मधोमध खचून बशीसारखा झाला होता.

"तीन फेज घेतले ते याचसाठी ना?"

"हिशोब चोख आहे गं." गुरुजींनी वही उघडली. पस्तीस वर्षं गणित शिकवलेला माणूस. आठवडाभर भिंग घेऊन त्यांनी प्रत्येक उपकरणाच्या पाठीवरचे वॅट वाचले होते. "एकूण सहा हजार तीनशे दहा. भागिले तीन, एकवीसशेच्या आसपास. एक फेज छत्तीसशे सहज पेलतो. पडायचं कारणच नाही."

"पडलाय मात्र."

वायरमनला बोलावलं. तो गुरुजींचा जुना विद्यार्थी. आता पोट सुटलेला, पण गुरुजींसमोर अजूनही हात मागे बांधून उभा राहणारा. बोर्डावर लाल, पिवळा, निळा असे तीन स्विच होते. लाल खाली पडला होता.

"लालवर काय काय जोडलंयस?" गुरुजींनी विचारलं.

"तुमच्या यादीप्रमाणे, गुरुजी. इस्त्री, ओव्हन, गिझर."

"पिवळ्यावर?"

"टीव्ही, दिवे, पंखे. निळ्यावर फ्रीज, बेल, मिक्सर."

सुनेने वहीत डोकावून पाहिलं. "बाबा, ही यादी कुठल्या क्रमाने लावलीत?"

"हजेरीपटाच्या. अकारविल्हे. नऊ वस्तू, तीन फेज, प्रत्येकी तीन. समान वाटणी!"

"म्हणजे तापणारं सगळं एकाच्या गळ्यात, आणि बाकीचे दोघे वारा खात बसलेत!"

गुरुजी वहीकडे बघत राहिले. सरासरी एकवीसशे, लाल फेजवर पाच हजार. सरासरीला स्विच नसतो, फेजला असतो. हे मुलांना सांगायला किती छान उदाहरण होतं!

"तुला हे आधी दिसलं नाही?" त्यांनी वायरमनला विचारलं.

"दिसलं होतं. सातवीत तुम्ही आम्हा तिघा जाड्यांना हजेरीप्रमाणे एका बाकावर बसवलं होतंत. बाक मोडला होता. त्याचीच आठवण झाली."

"मग बोलला का नाहीस?"

"विचारल्याशिवाय बोलायचं नाही, हे तुम्हीच शिकवलंत."

गुरुजींनी नवीन पान घेतलं. आता नग नाही, वॅट मोजायचे. लालवर ओव्हन आणि टीव्ही: एकवीसशे. पिवळ्यावर गिझर आणि दिवे: एकवीसशे. निळ्यावर इस्त्री, मिक्सर, फ्रीज, पंखे: एकवीसशे! इतकं देखणं उत्तर त्यांना आयुष्यात आलं नव्हतं. फक्त बेल उरली. तिचे दहा वॅट निळ्यावर टाकले की एकवीसशे दहा होत होते. गुरुजींनी पेन्सिल दोनदा चावली आणि बेलवर काट मारली.

वायरमनने यादी पाहिली, गुरुजींकडे पाहिलं, आणि हात मागे बांधले. मग निमूटपणे कामाला लागला.

पावणेचारला दुसरा केक बाहेर आला. टम्म फुगलेला, कडेने बदामी. सून मिक्सरमध्ये क्रीम घुसळू लागली. गुरुजींनी परीक्षा म्हणून गिझर, इस्त्री, पंखे, सगळं चालू केलं, टीव्हीचा आवाज मोठा केला आणि बोर्डासमोर खुर्ची टाकून बसले. तिन्ही स्विच ताठ उभे. चार वाजले. सव्वाचार झाले. सुनेचा चेहरा उतरत गेला.

"नाही येत त्या, बाबा. दुसऱ्या कुणाला काम दिलं असेल."

वायरमनने जायला म्हणून दार उघडलं. पायरीवर कॅफेची मालकीण पर्स मांडीवर घेऊन बसली होती.

"पंधरा मिनिटं बेल दाबतेय! दारही बडवलं. आत काय गिरणी चालते का?"

"मग थांबलात कशा?" सुनेने ओशाळून विचारलं.

"वास येत होता ना!" ती आत आली आणि उभ्याउभ्याच दोन तुकडे संपवले. "सोमवारपासून रोज दोन केक. माझा माणूस न्यायला येईल. पण आधी ती बेल दुरुस्त करा."

सून खुर्चीत बसून हसत सुटली. गुरुजींनी वायरमनकडे चष्म्यावरून पाहिलं.

"बेल राहिली, हेही दिसलं होतं?"

"हो, गुरुजी."

"यापुढे न विचारता बोलत जा."

वायरमनने बेल निळ्या फेजवर जोडली आणि बटण दाबायला बाहेर गेला. गुरुजींनी खोडलेला शब्द पुन्हा लिहिला, एकवीसशेपुढे नाइलाजाने दहा मांडले आणि दाराकडे तोंड करून वर्गातल्या आवाजात पुकारलं, "बेल?"

ट्रिंग.

"हजर," गुरुजी म्हणाले, आणि वही मिटली.